दुकानामागची कोंबडी

दिवाळी झाली की खापरच्या बाजारात लग्नाची खरेदी सुरू होते आणि माझी पायमशीन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. अशाच एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, डोंगरातल्या एका गावची बाई दुकानाच्या पायऱ्या चढून आली आणि तिनं माझ्या मशीनवर, कापून ठेवलेल्या ब्लाउजच्या अस्तरावर, एक कोंबडी ठेवली.

कोंबडी तांबडी होती, मानेपाशी जरा काळी. पाय लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं बांधलेले. चोच उघडी होती, पण ती ओरडत नव्हती.

"घे बाई," ती म्हणाली. तिचं मराठी बाजारापुरतं होतं. "सांजला काप. कवळी हाय."

काही महिन्यांपूर्वी या बाईच्या मुलीला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेश घालून हजर व्हायचं होतं. बाकीची सगळी कामं बाजूला सारून मी दोन जोड शिवून दिले होते. तेवढीच गोष्ट. तिनं ती लक्षात ठेवली. जीपमध्ये बाकाखाली दोन तास उलटी टांगून तिनं ती कोंबडी माझ्यासाठी आणली होती.

मी नको म्हणू शकले नाही. डोंगरातली बाई हातानं काही देते तेव्हा नको म्हणायचं नसतं, एवढं या गावात राहून मला कळलं होतं. मी कोंबडी मांडीवर घेतली. बाई खूश होऊन बांगड्यांच्या दुकानाकडे निघून गेली. मग मी मान वर केली, तर आतून भाभी बघत होत्या.

इथं थोडं सांगायला हवं. मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडे तळी, भात आणि मासे. सातवीत शाळा सुटली, कारण आई अंथरुणाला होती आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. शिवणकाम शेजारच्या काकूंकडून शिकले. नवरा रस्त्याच्या कामावर टिपर चालवायचा. त्या कामामागे आम्ही महाराष्ट्राच्या या टोकाला आलो. रस्ता झाला, ठेकेदार गुजरातेत गेला, नवरा त्याच्याबरोबर गेला. आधी महिन्यानं यायचा, मग सणाला, मग नाही. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

तेव्हा मला ज्यांनी जागा दिली ते हे कुटुंब. राजस्थानातून फार पूर्वी आलेले जैन लोक, साड्या आणि ड्रेसच्या कापडाचं दुकान. शेठ माल आणायला बहुतेक सुरतेला असतात, त्यामुळे दुकान खरं तर त्यांच्या पत्नी, म्हणजे भाभीच, चालवतात. पुढे ओट्यावर माझी मशीन, मागे अंगण, आणि अंगणाच्या कडेला पूर्वी रिकामे खोके ठेवायची एक खोली. ती त्यांनी मला राहायला दिली. भाडं कधी मागितलं नाही. गिऱ्हाइकाचं फॉल-पिको करून द्यायचं, बाकी शिवण माझं मी करायचं, असं ठरलं. एकच अट होती. या आवारात मांस, मच्छी, अंडं काही यायचं नाही. मी मान डोलावली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात झिंग्यांच्या वासाची स्वप्नं पडायची. मग तीही थांबली. अकरा वर्षं मी ती अट पाळली.

आणि आता माझ्या मांडीवर कोंबडी होती.

भाभींच्या आधी बोलल्या त्या मांजी, भाभींच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, पण आवाज दुकानभर. त्या आतल्या दारातून म्हणाल्या, "ओ जीव आपणै आंगणै आयो है." म्हणजे हा जीव आपल्या अंगणात आलाय. मांजींचं मारवाडी आता मला मराठीइतकंच कळतं.

शेजारच्या टपरीत शिलाई मशीन आणि स्टो दुरुस्त करणारे चाचा बसतात. माझी मशीन तेच बघतात. त्यांनी मान बाहेर काढून त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"काय व्हयनं बहीण? कोंबडी पाळी ऱ्हायनी का आते?"

"चाचा, गप बसा हो."

"दे मन्हाकडे. दोन मिनिटनं काम शे. भाभीले कळावं बी नही."

"भाभी इथंच आहेत," भाभी म्हणाल्या.

चाचा हसत आत गेले. पण मांजी हसल्या नाहीत. त्यांनी मला सरळ सांगितलं की ही कोंबडी कुणालाही द्यायची नाही. ज्याला देशील तो संध्याकाळी चुलीवर चढवील. आपल्या दारात आलेला जीव आपल्या हातानं सुरीपाशी पाठवायचा नाही.

भाभींनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी निकाल दिला. "पुढच्या बाजारापर्यंत मागे ठेव. ती बाई आली की तिची तिला परत कर. पण इथं काही व्हायला नको."

हे शेवटचं वाक्य मी मनात घट्ट धरून ठेवलं. काही व्हायला नको. म्हणजे मरायला नको. जैनांच्या अंगणात माझ्या हातून एक जीव गेला, तर अकरा वर्षांची खोली जाईल, असा मी त्याचा अर्थ लावला. भाभी तसं म्हणाल्या नव्हत्या. पण ज्याला जागा उपकारात मिळालेली असते, तो प्रत्येक वाक्यात खोली खाली करायची नोटीस शोधतो. मी रोज शोधायचे.

मी तिच्या पायांची चिंधी सोडली. ती उभी राहिली नाही. तशीच पोटावर बसून राहिली. अंगणात मोरीच्या बाजूला, दुकानाच्या मागच्या शटरला लागून, मी तिच्यावर बांबूचं टोपलं उपडं टाकलं आणि वर वीट ठेवली. टोपल्याच्या कडेचा एक बांबू तुटलेला होता, तिथून मूठभर कण्या आत सारल्या. तिनं बघितलंही नाही. नवीन जागा आहे, संध्याकाळी खाईल, असं म्हणून मी मशीनवर गेले.

संध्याकाळी दुकान बंद झालं, मी हातपाय धुतले, चिमणीएवढा दिवा असतो अंगणात तो लावला, आणि वाटीत ताज्या कण्या घेऊन गेले. टोपलं उचललं. कोंबडी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती, डोळ्यांवर पडदा ओढलेला. वाटी चोचीपाशी नेली. तिनं मान आत घेतली. मी थोडा वेळ बसले. मग वाटी उचलून घेतली.

वाटी उचलण्याचंही कारण आहे. या घरात उघड्यावर अन्न रात्रभर राहू देत नाहीत. मुंग्या येतात, किडे येतात, पायाखाली येतात, मरतात. मांजी झोपायच्या आधी मोरी, ओटा, अंगण सगळं बघून घेतात. अकरा वर्षांत माझ्या खोलीबाहेर भाताचं एक शीत त्यांना सापडलेलं नाही. तेव्हा दुपारच्या कण्याही मी झाडून घेतल्या आणि कोंबडीपाशी फक्त पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाणी सांडलेलं होतं. प्यायली की उलथलं, कळायला मार्ग नव्हता. मी पुन्हा भरलं आणि मशीनवर गेले, कारण एका नवरीचे सहा ब्लाउज त्याच दिवशी द्यायचे होते. दिवसभरात दोनदा मागे डोकावले. सुरतेहून मालाची गाडी आली होती. हमाल शटरपाशी खोके आपटत होते आणि प्रत्येक खोक्यासरशी टोपलं हलत होतं. कोंबडी आत होती, एवढं बघून मी परत आले. संध्याकाळी वाटी घेऊन गेले. तिनं डोळेही उघडले नाहीत.

आमच्या गावी घरोघरी कोंबड्या होत्या. लहानपणी माझं काम एकच. दिवस कलायला लागला की अंगणात मूठभर कोंडा टाकायचा, त्या गोळा झाल्या की एकेक धरून झापाखाली सारायच्या. त्यामुळे कोंबडीला खायला घालायचं म्हणजे संध्याकाळी, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. दिवसभर त्या उकिरड्यावर, गोठ्यात, भाताच्या पेंढ्यात काय वेचतात, याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. तेव्हा मी शाळेत असायचे. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की दोन दिवसांत कोंबडीच्या पोटात दाणा नाही.

मी भंडाऱ्याला माहेरी फोन लावला. वहिनी म्हणाली, "अवं, खुडूक बसली असन थे. खुडूक कोंबडी खात नाही."

"पण तिच्याखाली अंडी कुठं आहेत?"

"अंडे नसले तरी बसते. बाया नाही का काही कारण नसताना रुसून बसत? थंड्या पाण्यात दोन बार बुचकाड, उतरते तिची खुडूक."

"मरणार नाही ना?"

"कोंबडी हाय वं, मरन तर मरन. तू काहून एवढी घाबरतेस? रांधून खाय."

वहिनीला खोलीचं काय सांगणार? मी फोन ठेवला आणि उजाडताच मोरीवर बादली भरली. डिसेंबर लागला होता. पाणी बोटांना झोंबत होतं. मी कोंबडीला दोन्ही हातांनी धरून छातीपर्यंत बुडवली, वर काढली, पुन्हा बुडवली. तिनं एकदा पंख झाडले, माझं तोंड भिजलं. मग ती अशी सैल पडली की मला वाटलं, संपलं. मी माझा जुना पेटीकोट आणून तिला गुंडाळलं आणि खोलीत नेऊन छातीशी धरून बसले. तिचं काळीज माझ्या हातात धडधडत होतं, शिवणीचं यंत्र रिकामं पळवल्यावर चालतं तसं. तास-दीड तासानं ती कोरडी झाली. थरथर गेली नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मशीनवर उशिरा बसले. आधी तिला पिशवीत घालून गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नव्हते, दौऱ्यावर गेले होते. तिथल्या माणसानं तिची चोच उघडून बघितली, गळ्याखालची पिशवी चाचपली, पंखाखाली फुंकर मारून उवा बघितल्या.

"रोग काही नाही. पिशवी साफ रिकामी आहे. धसका घेतलाय हिनं. कुठून आणली?"

मी सांगितलं. जीप, उलटी, शटर, हमाल. बादलीचंही सांगितलं.

"बादलीत?" तो म्हणाला. "बाई, कपडे आहेत का ते?"

मी खाली बघितलं.

"शांत जागी ठेवा. हात लावू नका सारखा. ही पावडर पाण्यात टाका. दाणा ठेवा, खाईल तर खाईल." मग त्यानं पिशवी परत देताना विचारलं, "एक विचारू? चार माणसांचं जेवण आहे हे. एवढ्यासाठी तुम्ही काम सोडून आलात?"

मी म्हटलं, "ही मेली तर चालणार नाही." तो हसला नाही. बहुतेक त्याला मी थोडी वेडसर वाटले असेन.

परत आले तर अंगणात मांजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी हातानं खूण केली, म्हणून मी कोंबडी त्यांच्यासमोर ठेवली आणि टोपलं टाकायला लागले. "रहने दे," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी तिच्याकडे बघितलं. कोंबडीनं मान खांद्यात घातली होती आणि ती हलत नव्हती.

"खावै कोनी?" म्हणजे, खात नाही का?

"तीन दिवस झाले, मांजी."

मांजींनी हात जोडले. त्यांच्या माहेरी एका वडीलधाऱ्या बाईंनी शेवटी समजून-उमजून अन्न सोडलं होतं आणि लहानपणी मांजी त्यांच्या उशापाशी बसल्या होत्या. हे त्यांनी मला पूर्वी अनेकदा सांगितलं होतं. आता त्या म्हणाल्या, हिनंही सोडलंय. मोठा जीव आहे. जबरदस्ती करू नकोस, पाण्यात बुडवू नकोस, चोच उघडू नकोस. शांतपणे जाऊ दे. आणि त्यांनी माळ काढून नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली.

दवाखान्यातला माणूस म्हणाला होता खाईल, पण मांजी नवकार म्हणत होत्या, आणि या घरात मांजींचा अंदाज कधी चुकताना मी बघितला नव्हता. पाऊस, भावातली तेजी, कुणाच्या घरी मुलगा होणार की मुलगी, सगळं त्यांना आधी कळायचं.

भाभी मागच्या दारात आल्या. "मांजी, हे काय चाललंय?"

"तिनं व्रत घेतलंय."

"कोंबडी व्रत घेते?"

"जीव तो जीव."

"मांजी, दुकानात गिऱ्हाईक आहे. मागून नवकार ऐकू येतोय. लोक विचारतात, घरात कोण गेलं का."

"सांग, अजून नाही गेलं," मांजी म्हणाल्या.

भाभी माझ्याकडे बघून मान हलवत आत गेल्या. त्या बघण्याचा अर्थ काय, यावर मी सहा बटणं आणि दोन हुक चुकीचे लावले.

मांजींनी मात्र एक केलं. अंतिम समयी जिवाला गडबड नको, म्हणून त्यांनी हमालांना शटर वाजवायला मनाई केली. उरलेले खोके पुढच्या दारानं घ्यायला लावले. बोका आला तर हाकलायला काठी घेतली. कोंबडीला मोरीपासून हलवून तुळशीच्या कुंडीमागे, भिंतीच्या सावलीला ठेवायला लावलं, जिथं सकाळचं ऊन पायथ्यापर्यंत येतं. टोपलं ठेवलं, पण तुटका भाग पुढे. मला सांगितलं, तू आता इथं येऊ नकोस, तुझ्या हातांचा तिला त्रास होतो. संध्याकाळी मी तरीही वाटी घेऊन गेले. कोंबडी झोपेत होती. वाटी उचलून परत आणली. रात्री खोलीत बसून मी माझ्या सामानाकडे बघितलं. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी, एक अंथरूण. उचलून न्यायला एक फेरी पुरेल, असा हिशेब मी केला. कुठं न्यायचं, तो भाग केला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी मशीनवर होते. ऊन ओट्यावर आलं होतं. मांजी आत अंगणात बसल्या होत्या. नुसती माळ ओढून कंटाळा आला की त्या सूप घेऊन ज्वारी निवडत बसतात, खडे आणि किडका दाणा बाजूला करतात. सुपाचा आवाज मला ऐकू येत होता. मग तो थांबला. मग मांजी ओरडल्या.

"अरे! आ तो खावै! आ तो खावै!"

मी मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं आणि धावले. भाभी माझ्या पुढे होत्या. हातात मीटरपट्टी तशीच.

सुपातून खाली पडलेले ज्वारीचे दाणे मांजींच्या पायापाशी विखुरले होते. टोपल्याच्या तुटक्या भागातून कोंबडीची मान बाहेर आली होती. ती एक दाणा टिपायची, थांबायची, एका डोळ्यानं मांजींकडे बघायची, मग दुसरा टिपायची. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. मांजींनी सुपातले आणखी दाणे बोटांनी हळूच खाली ढकलले. किडके नाहीत, निवडलेले.

मांजींनी मान न वळवता मला विचारलं, "तू हिला कधी देत होतीस खायला?"

"रोज देत होते, मांजी. एक दिवस चुकवला नाही."

"कधी?"

"दुकान बंद झालं की. दिवा लावला की."

"आणि वाटी?"

"झोपायच्या आधी उचलत होते. तुम्हाला उघडं अन्न चालत नाही म्हणून."

मांजींनी सूप खाली ठेवलं. त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. भाभींनी त्यांना उकळून गार केलेलं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "सूरज आथम्यां पछै कुण खावै? म्हैं कोनी खाऊं, आ कोनी खावै." म्हणजे सूर्य मावळल्यावर कोण खातं? मीही नाही, हीही नाही.

मला लाज वाटली. अकरा वर्षं मी ज्या घरात राहते तिथं दिवस मावळल्यावर कुणी घास घेत नाही. भाभी संध्याकाळी पाचला दुकान माझ्यावर सोडून जेवायला जातात. गिऱ्हाईक अर्धं उघडलेलं ठाण ठेवून थांबतं, हे मी रोज बघते. आणि त्याच अंगणात मी ज्याला अंधारात दिसत नाही अशा पाखराला तीन दिवस अंधारात जेवायला बोलावत होते आणि उजाडायच्या आत ताट उचलत होते. पहिल्या दुपारी ती घाबरली होती म्हणून खाल्लं नाही. पुढचे दिवस मीच तिला उपाशी ठेवलं होतं. वर अंघोळ घातली होती.

"मग व्रत नव्हतं तर," भाभी म्हणाल्या.

"नाही," मांजी जरा नाराजीनं म्हणाल्या. "भूक होती."

टपरीतून चाचांनी विचारलं, "जिवत शे का?"

"जिवंत आहे," भाभींनी ओरडून सांगितलं. "जेवतेय."

"मंग आते जाडी व्हऊ द्या," चाचा म्हणाले, आणि मांजींनी काठी उचलली.

त्यानंतर तिचं खाणं मांजींनी आपल्याकडे घेतलं. सकाळी ज्वारी, दुपारी पोळीचा चुरा, चार वाजता पुन्हा ज्वारी, आणि ऊन भिंतीवरून उतरलं की बंद. संध्याकाळी जे उरेल ते मांजी स्वतः वाकून वेचायच्या. सहाव्या दिवशी टोपलं काढलं. ती अंगणभर फिरली, तुळशीची माती उकरली, मांजींचा ओरडा खाल्ला. भाभींना नवीन काळजी लागली. त्या दिवसातून दोनदा तुळशीमागे वाकून बघायच्या. "हिनं इथं अंडं घातलं तर काय करायचं? उचलायचं कुणी?" सुदैवानं तिनं घातलं नाही.

बाजारच्या दिवशी डोंगरातली बाई आली. तिनं आधी मला विचारलं, "कवळी होती ना?"

मी तिला मागे नेलं. कोंबडी मांजींच्या खुर्चीखाली बसली होती. बाईनं एकदा कोंबडीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"आजून नी खाल्ली?"

मी सांगायचा प्रयत्न केला. हे घर, यांचा धर्म, माझी खोली, जीपचा धसका, बादली, ज्वारी. तिला किती कळलं माहीत नाही. पण कोंबडी परत दिली तर तिला वाईट वाटेल, ही भीती मला होती आणि ते वाईट वाटणं तिच्या तोंडावर दिसायलाही लागलं. मग तिनंच वाट काढली. तिच्याकडे बकरी, कोंबडी अशी वाट्यानं पाळायला देतात. जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, पिल्लं निम्मी-निम्मी.

"तुझीच हाय," ती म्हणाली. "माझ्याकं ठेवते. पिल्लं झाली की अर्धी तुझी."

"पिल्लं मी कुठं ठेवू?"

"तीबी माझ्याकंच."

"मग माझं काय?"

तिनं विचार केला. "तू मालकीण."

मांजींनी दुकानातून साडीचा रिकामा खोका मागवला, त्याला कात्रीनं भोकं पाडायला लावली, तळाला माझ्या कापडाच्या कातरणी घातल्या. पाय बांधायचे नाहीत, उलटं धरायचं नाही, मांडीवर ठेवायचं, असं त्या बाईला तीनदा सांगितलं. बाई प्रत्येक वेळी हो म्हणाली. खोका दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती जीपकडे गेली. लोक तिच्याकडे बघत होते, कारण खोक्यावर सोनेरी अक्षरात साडीचं नाव होतं आणि आतून आवाज येत होता.

संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा भाभी एका ब्लाउजचं माप सांगायला माझ्यापाशी आल्या. माप सांगून झालं तरी उभ्या राहिल्या.

"तू इतकी का घाबरली होतीस ग? आठ दिवसांत वाळलीस."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता, इथं काही व्हायला नको."

"मी?" त्यांना आठवेना. "कधी?"

"कोंबडी आली त्या दिवशी."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "अग, ते कापायचं म्हटलं असेल. चाचा तसं म्हणाले होते म्हणून. मरण काय, येतंच. मेली असती तर पुरली असती. मांजींनी नवकार म्हटलाच होता." मग त्यांनी विचारलं, "तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. या खेपेला त्यात मला काही शोधावंसं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "बाही अर्धा इंच ढिली ठेव, ती बाई जाड आहे," आणि आत गेल्या.

त्या खोलीच्या भिंतीत मी तोवर एकही खिळा ठोकला नव्हता. कपडे पिशवीत, आरसा पेटीवर, टेप गळ्यात. भिंत त्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांकडून दोन खिळे आणि हातोडी मागून आणली. पहिला खिळा वाकला आणि गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा खाली पडला. मी हातोडी घेऊन तशीच उभी राहिले.

"काय पडलं ग?" दुकानातून भाभींचा आवाज आला.

"खिळा ठोकतेय."

"खाली नको ठोकू. तिथं ओल आहे. वर ठोक, दाराच्या बाजूला."

मी पेटीवर चढले आणि दाराच्या बाजूला, वर, ठोकला. तो बसला.